ओकाच्या पारंब्या

इंग्लंडमधल्या जूनचं कौतुक मला कोणी सांगू नये. स्ट्रॉबेऱ्या, क्रीम, गुलाबांची कमान, हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतलं क्रिकेट, हे सगळं मी पाहिलेलं आहे. त्याच जूनमध्ये भिंतीच्या कागदाला ओल सुटून त्याचे पापुद्रे निघताना पाहिले आहेत आणि दुपारी तीन वाजता दिवा लावून तांदूळ निवडले आहेत. या देशातला निसर्ग देखणा आहे, नाही असं नाही. पण पाहुण्याला दारात उभं ठेवून छान बोलणाऱ्या यजमानासारखा आहे. आत या, असं तो कधी म्हणत नाही.

आमच्या मेडनहेडच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराआड मुंबईहून आलेलं कॅलेंडर असतं. ज्येष्ठातल्या पौर्णिमेच्या चौकोनात नखाएवढा वड छापलेला असतो. तो वड दिसला की मला दुसरं एक झाड आठवतं, आणि माझं डोकं फिरतं. ते झाड पॅसेजमध्ये, कोटांच्या मागे, खिळ्याला टांगलेलं आहे. मीच ते तिथे टांगलंय. ह्यांना ते दिवाणखान्यात हवं होतं. मी म्हटलं, दिवाणखान्यात ते चित्र राहील किंवा मी राहीन.

चित्र तळहाताएवढं आहे. भोवती पांढऱ्या पुठ्ठ्याचा एवढा रुंद काठ, की बघणाऱ्याने आधी चित्र शोधायचं. रंग नावाला नाही, नुसत्या काळ्या रेघा. एक म्हातारं झाड, अर्धं वठलेलं. त्याच्या मुळाशी पाठमोरा बसलेला एक माणूस, टोपी काढून शेजारी ठेवलेली. पुढे पाणथळ रान, लांबवर चर्चचं टोक, आणि वर आभाळ नुसतं ढगांनी गच्च भरलेलं. झाडाच्या फांद्यांखाली उभ्या, बारीक, केसाहून बारीक रेघा. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा इंग्रजाने ते केलं होतं. त्या काळात म्हणे अशी लाट होती: माणसाच्या मनात जे असेल ते सगळं झाडांनी, डोंगरांनी आणि ढगांनी बोलून दाखवायचं.

हे ज्ञान मला ह्यांच्या बॉसकडून मिळालं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साउथहॅम्प्टनच्या पलीकडे, किनाऱ्यालगतच्या एका गावातल्या हॉस्पिटलात हे सर्जरीचे रजिस्ट्रार, म्हणजे हाताखालचे सर्जन, होते. गावाचं नाव सांगत नाही, उगीच तोंड कडू होतं. बॉस म्हणजे तिथला मोठा सर्जन. नाताळात तो सगळ्या ज्युनिअर डॉक्टरांना बायकांसकट घरी बोलवायचा आणि आपल्या अभ्यासिकेतलं हे चित्र दाखवायचा. याला म्हणे एचिंग म्हणतात: तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवायचं, मेणावर सुईने चित्र काढायचं, मग पत्रा आम्लात सोडायचा. सुईने मेण निघालं असेल तिथे आम्ल तांबं खातं. त्या खाचांत शाई भरून वर कागद दाबायचा. मग तो आवाज खाली आणून म्हणायचा, "बघा, हा माणूस रडत नाहीये. आभाळ त्याच्या वतीने रडतंय."

बाकीच्या बायका "हाउ लव्हली" म्हणाल्या. मला वाटलं, आभाळाला दुसरी कामं नाहीत का?

मी सांगलीची. आमच्याकडे कृष्णा भरून यायची ती कुणाच्या मनात दुःख दाटलंय म्हणून नाही. माझे वडील गेले त्या दिवशी इतकी लखलखीत सकाळ होती, की अंगणात ठेवलेल्या तिरडीवर कोवळं ऊन पडलं होतं आणि शेवग्यावर बुलबुल ओरडत होता. तेव्हाच मी समजून चुकले की निसर्गाला आपलं काही पडलेलं नाही. त्याच्याकडून सांत्वन मागायला जाऊ नये. झाडाला पाणी घालावं, सावलीत बसावं, फार तर एक धागा गुंडाळावा. झाडाच्या गळ्यात पडून रडणं हा ज्यांची पोटं भरलेली आहेत त्यांचा उद्योग.

त्या हॉस्पिटलातल्या शेवटच्या वर्षीचा जून सबंध पावसात गेला. इथला पाऊस धड कोसळतही नाही आणि थांबतही नाही. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये आमच्या लेकीचे, मुक्ताचे, लंगोट हीटरवर वाळत घालायचे आणि त्या वाफेत आम्ही जेवायचो. मुक्ता तेव्हा नुकती बसायला लागली होती. बसायची, कलंडायची, पुन्हा बसायची. आणि आम्ही दोघं सीनियर रजिस्ट्रारच्या जागेची वाट बघत होतो. ती जागा मिळाली की पुढे कन्सल्टंट व्हायचा रस्ता उघडायचा. नाही मिळाली की सर्जरी संपली. मधलं काही नव्हतं.

ह्यांच्या हातांबद्दल सांगायला हवं. एरवी हा माणूस धांदरट. चहाचा कप फोडेल, किल्ली हरवेल. पण टाके घालायला बसले की बघत राहावं. घरी सरावाला जुन्या उशीच्या अभ्र्यावर रेशमी दोऱ्याने टाके घालायचे, डाव्या हाताने, उजव्या हाताने, डोळे मिटूनही. थिएटरमधली सिस्टर एकदा मला बसस्टॉपवर भेटली तर म्हणाली, "तुमच्या नवऱ्याचा टाका घरी गेल्यावर पेशंटला सापडत नाही." ते मी सासूबाईंना फोनवर सांगितलं होतं, ट्रंककॉल महाग असूनही.

जागा दुसऱ्याला मिळाली. त्या मुलाला गाठ कशी मारायची हे ह्यांनीच शिकवलेलं होतं. मुलाखतीला बॉस स्वतः बसलेला होता, आणि अर्ज कर असं सांगणाराही तोच होता. भांडावं तर कुणाशी भांडावं? कुणी वाईट बोललं नव्हतं, कुणी तोंडावर दार आपटलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. इथे तो मार देणारेही सॉरी म्हणतात.

मी म्हटलं, "अहो, जाऊन विचारा तरी. काय कमी पडलं ते सांगा म्हणावं."

"विचारून काय होणार?" हे म्हणाले.

"काही नाही झालं तरी चालेल. त्याला उत्तर शोधावं तरी लागेल!"

हे मुक्ताला मांडीवर घेऊन तिच्या बोटांशी खेळत बसले. मला त्या क्षणी बॉसपेक्षा ह्यांचा राग जास्त आला. माणसाने इतकं थंड असू नये. आपल्या ताटातलं उचलून दुसऱ्याच्या ताटात वाढलं, तरी हा वाढणाऱ्याला थँक्यू म्हणणार.

आणि अगदी तसंच झालं. हॉस्पिटल सोडायच्या आधीच्या रविवारी बॉसने आम्हाला चहाला बोलावलं. मी जाणार नव्हते. हे म्हणाले, "शेवटचं आहे, चल." मी गेले, पण सगळ्यांत भडक साडी नेसून गेले, लाल काठाची पिवळीजर्द. बॉसची बायको म्हणाली, तुम्हाला थंडी नाही का वाजत. मी म्हटलं, वाजते. मग ती तिच्या कुत्र्याबद्दल बोलत राहिली. काचेच्या दारांबाहेर तिची प्रसिद्ध बाग पावसात चिंब भिजत होती.

बॉस ह्यांना घेऊन अभ्यासिकेत गेला होता. बाहेर आले तेव्हा ह्यांचे डोळे लाल, नाक वाहतंय, रुमाल हातात. बॉसचा हात ह्यांच्या खांद्यावर. दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते चित्र. दारापाशी तो मला म्हणाला, "तुमचा नवरा फार हळवा माणूस आहे. तुम्हाला माहीतच असेल." आणि ते पुडकं त्याने माझ्या हातात दिलं. नोकरी दिली नाही, चित्र दिलं!

गाडीत बसल्या बसल्या मी विचारलं, "रडलात की काय त्याच्यासमोर?"

"छे गं. हे फीवर." ह्यांनी वायपर चालू केले. "त्यांनी गवत कापलंय ना."

ह्यांना हे फीवर, म्हणजे परागांची ॲलर्जी, होताच. इथे आल्यापासून दर उन्हाळ्यात गवताचे पराग उडायला लागले की शिंकांनी घर दणाणायचं, डोळे सुजायचे. मला इतकं हसू आलं, की तेवढ्या रागातही मी मोठ्याने हसले. म्हणजे त्या शहाण्याला वाटलं, चित्र बघून ह्याचं काळीज विरघळलं! वाहत्या नाकाला तो भावना समजला! त्या लोकांच्या सगळ्या आभाळरडीचा मला एका झटक्यात सूड उगवता आला. हेही हसले. हसत हसत रुमालाने डोळे पुसत राहिले.

बॅगा भरायच्या गडबडीतच वटपौर्णिमा आली. सासूबाईंचा फोन आला, वड नसेल तर वडाचं चित्र काढ आणि त्याला पूज. आमच्याकडे ही पद्धत आहेच. शहरात वड लांब असला तर बायका कागदावर, भिंतीवर वड काढतात. पण माझी चित्रकला म्हणजे आनंद, आणि रंगपेटीही खोक्यात गेलेली. समोर वर्तमानपत्रातलं पुडकं पडलं होतं. मी ते फोडलं, चित्र ओट्यावर भिंतीला टेकवून उभं केलं, काचेला हळदकुंकू लावलं. आंब्याचा नैवेद्य डब्यातला, पाकातल्या फोडींचा.

समोरच्या क्वार्टरमध्ये नागपूरच्या शैलावहिनी राहायच्या, भूल देणाऱ्या डॉक्टर. ड्यूटीवरून येऊन त्या दारातच थबकल्या.

"अगं, काय करतेस? हा ओक आहे!"

"वड आहे. पारंब्या बघा की." मी फांद्यांखालच्या त्या उभ्या बारीक रेघा दाखवल्या.

शैलावहिनींनी चष्मा वर केला. "टोटली ओक आहे गं. इंग्लंडमध्ये वड कुठून येणार? कॉमन सेन्स आहे."

"माझ्या ओट्यावर आहे म्हणजे वड आहे," मी म्हटलं, आणि सुताची गुंडी सोडून फ्रेमभोवती धागा गुंडाळायला लागले. ओठ घट्ट मिटलेले. हाच नवरा जन्मोजन्मी मिळावा असं म्हणायचं असतं. मी मनात म्हटलं, पुढचे जन्म राहू देत, ह्याला या जन्मात जरा रागवायला शिकव. इतक्या फणकाऱ्याने कुणी वटपौर्णिमा केली नसेल. शैलावहिनी हात धुऊन आल्या आणि त्यांनीही धाग्याचा एक वेढा घातला.

पुढे काय, हे ठरलेलंच होतं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून हे जीपी झाले. आम्ही मेडनहेडला आलो. लंडनला गाडीने जाणाऱ्या नोकरदारांच्या पाठी, पोरांचे कान, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर. चांगलं चाललं, नाही म्हणणार नाही. पेशंट नाताळात केक आणून देतात. पण उशीचे अभ्रे शाबूत राहू लागले. ते हात आता प्रिस्क्रिप्शनं लिहितात, आणि अक्षर असं, की केमिस्ट फोन करून विचारतो.

मी मात्र ती गोष्ट सोडली नाही. मंडळाच्या गणपतीत, दिवाळीच्या जेवणात, कॉव्हेंट्रीला नणंदेकडे गेलो की तिच्या शेजारणींना, जिथे चार माणसं जमतील तिथे मी ती सांगायची. बॉसचा खालचा आवाज काढायची, खांद्यावर हात ठेवायची नक्कल करायची, आणि शेवटी म्हणायची, "साहेबाला वाटलं चित्र बघून रडले, आणि आमच्या ह्यांना झाला होता गवताचा त्रास!" हमखास हशा. हे कोपऱ्यात प्लेट घेऊन उभे असायचे आणि सगळ्यांच्या बरोबरीने हसायचे. कुणीतरी पाठीवर थाप मारायचं, "काय डॉक्टर, हळवे तुम्ही!" हे म्हणायचे, "फारच." तेव्हा हशा आणखी वाढायचा.

दर ज्येष्ठात कोट बाजूला सारून मी ते चित्र काढते. काचेच्या कोपऱ्यातला हळदीचा डाग आता जात नाही. दरवर्षी तोच धागा, तोच फणकारा, देवाशी तीच घासाघीस. राग शिळा होतो म्हणतात. माझा नाही झाला. मी त्याला लोणच्यासारखा जपलाय.

यंदा वटपौर्णिमा नेमकी मुक्ताच्या ए-लेव्हलमध्ये, म्हणजे इथल्या बारावीच्या परीक्षेत, आली. मुक्ताने बाबांकडून दोन गोष्टी उचलल्यात, धांदरटपणा आणि हे फीवर. गेला आठवडाभर उकाडा होता तर पोरगी डोळ्यांवर ओला टॉवेल घेऊन इतिहास वाचत होती. पूजेच्या सकाळी मात्र पाऊस लागला. मी ओट्यावर चित्र मांडून धाग्याचं टोक शोधत होते. मुक्ता टोस्ट तोंडात धरून बूट घालत होती.

"गोळी घेतलीस का?" मी विचारलं. "पेपरात शिंकत बसशील."

"नकोय आई, रेन आहे ना! मी काल प्रे केली, प्लीज पाऊस पडू दे म्हणून."

"पावसाचा काय संबंध?"

"पावसात पोलन खाली बसतो. वेट असला की मला काहीच नाही होत. बाबांना पण. आमचा दोघांचा सेम आहे, विचार त्यांना." ती वाकून चित्राकडे बघायला लागली. "आणि आई, तो पारंब्या नाहीयेत. आर्टला आम्ही एचिंग केला होता. ही रेन आहे, बघ ना, स्लँटिंग आहे थोडी." एरवी मी तिची व्याकरणं दुरुस्त करते. त्या दिवशी नाही केली. छत्री उघडत ती गेलीसुद्धा.

मी धाग्याचं टोक धरून उभी राहिले. काचेच्या दारांबाहेर भिजणारी ती बाग दिसायला लागली. चालू झालेले वायपर दिसले. लंगोट वाळत नव्हते तो सबंध महिना दिसला.

हे सर्जरीला निघण्याआधी चहाला आले. आता सर्जरी म्हणजे जीपीचा दवाखाना. या देशात शब्दसुद्धा जखमेवर मीठ चोळतात. मी कप पुढे ठेवला.

"अहो, त्या वर्षी जूनभर पाऊस होता."

कुठल्या वर्षी, असं ह्यांनी विचारलं नाही. "होता," म्हणाले.

"पावसात गवत कोण कापतं?"

"कुणी नाही."

"आणि पावसात हे फीवर होत नाही."

"मी डॉक्टर आहे," हे म्हणाले, "मला माहीत आहे."

मला सुचलं ते रागाचंच. "मग मला का नाही सांगितलंत? मी इतकी वर्षं चार लोकांत नकला करतेय!"

"छान करतेस. मलासुद्धा हसू यायचं." ह्यांनी चहा ढवळला. साखर घेत नाहीत, तरी ढवळला. "तू तेव्हा इतकी चिडली होतीस. त्या रागावर आपण तिघं उभे होतो. मी रडलो म्हणालो असतो तर तूही रडली असतीस. मग बॅगा कुणी भरल्या असत्या?"

"त्या भिकार चित्रासाठी रडलात?"

"चित्रासाठी नाही गं. त्यांनी ते भिंतीवरून काढून माझ्या हातात दिलं. रेघा जवळून बघ म्हणाले. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाले, असं काम करायला तुझ्यासारखे हात लागतात." ह्यांनी चमचा बशीत ठेवला. "त्यांना चांगलंच बोलायचं होतं. तेव्हा मला कळलं, माझी सर्जरी संपली म्हणून."

एवढं बोलून ह्यांनी कप विसळून ठेवला, पालथा, नेहमीच्या जागी. मी त्या हातांकडे बघत होते. आता बोटांच्या पेरांशी जरा सूज असते.

त्या बॉसला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. उलट आता माझा राग दुप्पट झालाय. हिरावून घेतलं ते घेतलंच. वर त्या माणसाने माझ्या नवऱ्याला रडताना पाहिलं, आणि दारात मला सरळ सांगितलं, तुमचा नवरा हळवा आहे, तुम्हाला माहीतच असेल. मला माहीत नव्हतं. माझ्या घरातली ती गोष्ट त्या परक्याला माहीत होती, याबद्दल तर त्याला मुळीच माफी नाही.

मी चष्मा लावला आणि चित्र खिडकीपाशी नेलं. इतक्या वर्षांत ते उजेडात नीट पाहिलंच नव्हतं. पाठमोरा माणूस, शेजारी टोपी, वठलेली फांदी. आणि त्या रेघा. किंचित तिरक्या होत्या, सगळ्या एका बाजूला कललेल्या. मी फ्रेमभोवती धागा घालायला लागले आणि या वेळी देवाशी घासाघीस केली नाही.

हे कोट घ्यायला पॅसेजमध्ये गेले होते. तिथूनच विचारलं, "काय बघतेस एवढं?"

"पाऊस," मी म्हटलं.